निसटलेली साखर

पहाटे ४. पहिली पाळी. रात्रपाळीच्या केमिस्टने वहीत लिहून ठेवलंय : 'ऊस शिळा.' यार्डात गाड्यांची रांग तुंबली, की हे ठरलेलंच. तोडलेल्या उसात सुक्रोज फुटायला लागतं, त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्यांचे दाणे धरत नाहीत. ती मळीत जातात. शेतकऱ्याने वर्षभर पाणी देऊन वाढवलेली साखर रांगेत उभ्याउभ्या जाते, याचं मला दर हंगामात वाईट वाटतं.

५. कच्च्या रसाचा सामू ५.१. आंबट आणि गरम रसात साखर आणखी फुटते, म्हणून चुन्याची निवळी आणि गंधकाचा वायू सोडून तो ७ वर आणायचा. चुन्याच्या टाकीवरचे मामा पांढऱ्या फरशीवर रसाचा थेंब टाकून त्यावर बीटीबी हा रंगदर्शक सोडतात. पिवळा म्हणजे आम्ल, निळा म्हणजे चुना जास्त. आज निळा.

"मामा, हिरवा धरा."

"धरतो साहेब, पण भट्टी दम धरंना."

गंधक नीट जळेपर्यंत चुना कमी केला. जास्त चुन्याने रस काळवंडतो.

६, ७. रसातल्या साखरेची मोजणी : ब्रिक्स, पोल, प्युरिटी. रोजचंच.

८. बॉयलरला जाणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी. परीक्षानळीत थोडं पाणी, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब, मग नळी तिरपी धरून कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं उमटलं, म्हणजे पाण्यात साखर. पाणी दिसायला नितळ, पण कुठल्या तरी पॅनची नळी गळतेय. ही साखर बॉयलरात गेली तर फुटून आम्लं होणार, पाणी फेसाळणार, नळ्या खाल्ल्या जाणार. धावत जाऊन ते पाणी तोडायला लावलं. गोडसर पाणी वाया जात नाही. ते चिपाडावर शिंपडायला मिलकडे वळवलं. साडेनऊला गळकी नळी सापडली. पुन्हा कडं पाहिलं. नाही उमटलं.

११. सांडपाण्याचा नमुना. धुतलेल्या फरशीवरून गेलेला रस ओढ्यात पोचला, तर तिथले जिवाणू साखर खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला या प्राणवायूच्या मागणीची, म्हणजे बीओडीची, मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम.

१२. बीओडी मोजायला बाटल्या हवेचा बुडबुडा न ठेवता भरल्या, अंधाऱ्या कपाटात २७ अंशांवर ठेवल्या. पुढच्या पाळीला सांगितलं, शुक्रवारी दुपारी काढा.