तबकड्यांवरील चित्रांचा वाली कोण?

कागद जीर्ण होतो हे ग्रंथपाल जाणतात. चकचकीत तबकडीही नाशवंत असते, हे मात्र उशिरा उमगते. १९८९ साली फुजित्सूने सीडी-रॉमची सोय असलेला ‘एफएम टाउन्स’ संगणक जपानी बाजारात आणला. पुढील दशकात ‘ॲनिमे’, अर्थात जपानी कार्टूनपटांतील चित्रांचे संग्रह तबकड्यांवर विकले जाऊ लागले. अशी प्रकाशने राष्ट्रीय संसद ग्रंथालयात जमा करणे कायद्याने बंधनकारक झाले ते २००० साली. त्यापूर्वीचे कित्येक अप्रसिद्ध संग्रह हौशी संग्राहकांच्या कपाटांतच राहिले. तबकडीवरचे संरक्षक आवरण भेदून हवा आत शिरली की ॲल्युमिनियमचा थर गंजतो, आणि चित्र कायमचे जाते.

नुसती चित्रे उतरवून भागत नाही. त्यांचा क्रम, संगीत, ती दाखविणारी आज्ञावली, सारेच त्या प्रकाशनाचे अंग. म्हणून संपूर्ण तबकडीचीच जशीच्या तशी प्रत हवी. हे काम आज संग्राहक पदरमोड करून करीत आहेत. ही क्षुद्र करमणूक आहे, असे नाक मुरडणाऱ्यांनी एदो काळातील उकियो-ए छापचित्रे आठवावीत. तीही एकेकाळी स्वस्त बाजारी मालच होती! स्वामित्वहक्काचा प्रश्न खराच. पण तो प्रदर्शनाचा आहे. ग्रंथालयाने या प्रती आधी स्वीकाराव्यात, हक्कदारांचा शोध मागाहून घेता येईल.