शाळा सुटल्यावरचे दोन तास आणि ग्रामपंचायतीचे पैसे

आज पैशांबद्दल बोलायचं आहे, पण गटाच्या कर्जाबद्दल नाही. ग्रामपंचायतीच्या पैशांबद्दल.

शाळा पाचला सुटते. आपण खुरपणीवरून घरी पोहोचतो तेव्हा दिवेलागण झालेली असते. मधले दोन तास पोरं कुठं असतात? कुणी मोबाइल घेऊन बसलेला, कुणी पारावर मोठ्या मुलांच्या घोळक्यात, कुणी विहिरीवर. आणि आठवीतली पोरगी धाकट्याला सांभाळत चूल पेटवत असते. तिचा अभ्यास कधी व्हायचा? वर्षभर असंच चाललं की ती मागे पडते, आणि मग घरात बोलणं सुरू होतं, "हिला शाळेत तसंही काही येत नाही." पुढचं तुम्हाला माहीत आहे.

म्हणून अनेक गावांत गटाच्या बैठकीत विषय निघतो की संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढू. गावातली एखादी शिकलेली सून शिकवायला तयार होते, समाजमंदिर मिळतं, पोरंही येतात. तीन महिन्यांनी वर्ग बंद. मी पाहिलेले बहुतेक वर्ग मुलं येईनात म्हणून बंद पडले नाहीत. शिकवणाऱ्या ताईला काही मिळत नव्हतं आणि उडालेला बल्ब कुणी आणायचा हे ठरलेलं नव्हतं, म्हणून बंद पडले. मग बायका ग्रामपंचायतीत अर्ज देतात आणि उत्तर येतं, "या कामाला निधी नाही."

हे उत्तर अर्धंच खरं आहे. कसं, ते सांगते.

ग्रामपंचायतीच्या पैशांचे दोन डबे समजा. पहिल्या डब्यात वित्त आयोगाचा पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगाचं २०२५-२६ हे शेवटचं वर्ष. त्या आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांनाच लावायचा. उरलेला ४० टक्के अबंधित होता. तो गावाच्या गरजेप्रमाणे, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी कशावरही खर्च करता येत होता. त्या विषयांत शिक्षण आहे, वाचनालय आहे, महिला व बालविकासही आहे. पण एक अट होती आणि आपलं घोडं तिथंच अडायचं. या पैशातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. म्हणजे सतरंज्या, फळा, पुस्तकांचं कपाट, सौर दिवा, खोलीची दुरुस्ती हे बसायचं. ताईचं मानधन बसत नव्हतं.

दुसरा डबा स्वनिधीचा. घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार कर असं गावाचं स्वतःचं उत्पन्न. यातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा, असा आपल्या राज्यात नियम आहे. ताईच्या मानधनाची मागणी या डब्याकडे न्यायची. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यातच गावाच्या कामांच्या यादीत शिक्षणाचा प्रसार आणि वाचनालयं आहेत, त्यामुळे "हे आमचं काम नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. हिशेब करून बघा. समजा गावाचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला ४ लाख आहे. दहा टक्के म्हणजे ४० हजार. ताईला महिना १,५०० रुपये दिले तर दहा महिन्यांचे १५ हजार होतात. हे ४० हजार कुठं जातात, कधी विचारलंय? मार्च जवळ आला की घाईघाईनं एका दिवसाचं शिबिर होतं, चहा-नाश्ता होतो आणि कागद पूर्ण होतो. (घरपट्टी थकलेली असेल तर मात्र दहा टक्के शून्याचेच. वसुलीच्या वेळी आपलं दारही उघडं पाहिजे बायांनो.)

तर "अभ्यासवर्गासाठी ५० हजार द्या" असा एकच अर्ज देऊ नका. त्यात मानधन दिसलं की सगळाच अर्ज बाजूला पडतो. दोन अर्ज करा. वस्तू आणि दुरुस्तीचा एक, मानधनाचा दुसरा.

आता हे मांडायचं कुठं? वित्त आयोगाचा पैसा विकास आराखड्याप्रमाणे खर्च होतो. "आमचं गाव, आमचा विकास" म्हणतात तो हाच. आराखड्यात नसलेल्या कामाला वर्षाच्या मध्येच पैसे मागितले तर ग्रामसेवक भाऊ, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, नाहीच म्हणणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्याआधी आपल्या ग्रामसंघाचा गरिबी निर्मूलन आराखडा, ज्याला आपण व्हीपीआरपी म्हणतो, तो भरतानाच सार्वजनिक सेवांच्या भागात अभ्यासवर्ग लिहा. तो आराखडा ग्रामसभेपुढे जातो. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ आहे, तेव्हा त्याच्या अटी विचारून घ्या.

आणि महिला सभा सोडू नका. प्रत्येक नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते, कायद्यानं. कितीतरी गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते, घरोघर सह्या फिरतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव ऐकलंय ना? २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथं ठरलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार आणि मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. देशभर बातमी झाली. त्या निर्णयाआधी गावातल्या बायका बसल्या होत्या, हे मात्र बातमी वाचताना आपण विसरतो. खर्च किती? एका भोंग्याचा. सगळीकडे भोंगाच पाहिजे असं नाही. आपल्या पोरींना तर त्या वेळेत चुलीपासून सुटका पाहिजे, नुसता टीव्ही बंद करून भागायचं नाही. म्हणून वर्गाची वेळ ठरवताना मुलींना विचारा. साडेपाच ते सात बऱ्याच जणींना जमतं, कारण स्वयंपाकाची घाई त्यानंतर सुरू होते.

शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतींची वाचनालयं आहेत आणि २०२० पासून मुलांना तिथं फुकट सभासद करून घेण्याची मोहीम चालली. आपल्याकडे गावागावांत खोली असते, पण कुलूप असतं.

ठराव मंजूर झाला की थांबू नका. ठरावाची नक्कल मागून घ्या आणि गटाच्या फायलीत लावा. त्यात रक्कम, कुठल्या निधीतून आणि कधीपासून, हे तिन्ही लिहिलेलं आहे ना ते बघा. नुसतं "विचार करण्यात यावा" असं लिहिलं असेल तर त्याच सभेत उठून दुरुस्त करायला सांगा. मंजूर झालेलं काम ई-ग्रामस्वराज वर गावाचं नाव टाकून बघता येतं, गटातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत दाखवेल.

पुढच्या भागात ठरावाचा आणि दोन्ही अर्जांचा नमुना सावकाश वाचून दाखवणार आहे. वही-पेन जवळ ठेवा. नमस्कार.