राक्षस निम्मा कसा झाला? : रत्नाकर मतकरींच्या बालनाट्याविषयी

स्नेहसंमेलनात ‘अलबत्या गलबत्या’सारखे नाटक करावे असा विषय निघाला की पालकांमधून एक प्रश्न हमखास येतो : बाबासाहेबांच्या विचारांवर चालणाऱ्या वसतिगृहात चेटकीण कशाला? प्रश्न उथळ नाही. ज्यांच्या आजी-आजोबांनी अंगात येणे, उतारा, भानामती यांना एकदाचे घराबाहेर काढले, त्यांनी ती मंडळी नातवंडांच्या रंगमंचावर पुन्हा का बोलवावी? शिवाय एखाद्या एकाकी बाईला चेटकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. म्हणून या नाटकाचा लेखक कोण होता आणि तो असली पात्रे कशी घडवीत असे, हे वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

रत्नाकर मतकरी यांचा जन्म १९३८ साली मुंबईत झाला. १९५५ साली, म्हणजे महाविद्यालयीन वयातच, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका आकाशवाणीवरून सादर झाली. अर्थशास्त्रातील पदवी घेऊन ते बँक ऑफ इंडियात लागले आणि १९७८ पर्यंत तेथेच राहिले. त्यांची राजवाडे, जंगले आणि राक्षसांची बहुतेक प्रसिद्ध नगरे नोकरीच्या वेळेबाहेर वसली, ही गोष्ट पाळीवरून येऊन मुलांच्या वह्या पाहणाऱ्या आपल्या चाकणच्या पालकांना विशेष जवळची वाटेल. सुधा करमरकर यांनी मुलांसाठी स्वतंत्र रंगभूमी उभारली, तेव्हा तिच्यासाठी मतकरींनी ‘मधुमंजिरी’ लिहिले. पुढे १९६२ साली पत्नी प्रतिभा मतकरी यांच्या साथीने त्यांनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. लेखन त्यांचे, दिग्दर्शनही त्यांचेच. हात चित्रकाराचा असल्याने नेपथ्याचा विचारही लिहितानाच होत असे.

त्यांच्या रचनापद्धतीचे मर्म नाटकांच्या नावांतच सापडते. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ हे नाव उच्चारून पाहावे. राक्षस आला खरा, पण येतानाच निम्मा होऊन आला. भीतीचा अर्धा भाग पडदा उघडण्यापूर्वीच गळून पडला. ‘इंद्राचे आसन नारदाची शेंडी’ या नावात देवांच्या राजाचे सिंहासन आणि एक शेंडी एकाच ओळीत बसविली आहेत. ‘राक्षसराज झिंदाबाद’मध्ये राक्षसांच्या राजाला मोर्चातली घोषणा मिळते. जे मोठे, भयंकर किंवा पूजनीय म्हणून मुलांपुढे येते, त्याच्या शेजारी काहीतरी घरगुती, हास्यास्पद ठेवायचे, ही त्यांची युक्ती. अद्भुत तसेच राहते. त्याची दहशत मात्र जाते.

हे त्यांना साधले याचे एक कारण आम्हांस असे वाटते की, भीती कशी चालते हे त्यांना नेमके ठाऊक होते. हाच लेखक मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत असे, आणि त्या वाचून प्रौढ माणसेही रात्री दिवा मालवायला कचरत. मोठ्यांच्या कथेत ते भीतीचे कारण झाकून ठेवतात, मुलांच्या नाटकात तेच उजेडात आणतात. ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजविली; २०१८ च्या पुनरुज्जीवनात ती वैभव मांगले यांनी केली. दोन्ही वेळी लुगड्याआड पुरुष नट आहे, हे पहिल्या रांगेतील पोरालाही कळते आणि तरीही ते रंगून जाते. मांत्रिक आपला खेळ हा खेळ आहे हे कधीच कबूल करीत नाही, उलट त्यावरच त्याचे पोट चालते. नट मात्र शेवटी रंगलेल्या तोंडाने नमस्कार करायला पुढे येतो. चेटकीण अशी हसून पाहिलेल्या मुलाला शेजारच्या म्हातारीवर तो शिक्का मारणे अवघड जावे. आमचे पालकांना उत्तर एवढेच आहे, आणि ते सर्वांना पटेल असा आमचा आग्रह नाही.

अद्भुतात रमणारा हा लेखक वास्तवाकडे पाठ फिरवून बसला नव्हता. गावातील धनदांडग्यांच्या अत्याचारांवरचे ‘लोककथा ७८’ हे त्यांचेच नाटक. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१८ साली मिळाला आणि मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले.

तथापि त्यांच्या अखेरच्या दशकातील एक काम आपल्या शाळेच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. अनेक दशके मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाने येथे लेखणी मुलांच्याच हाती दिली. वस्त्यांमधील मुलांनी आपापल्या आयुष्यातून विषय शोधायचे, नाटक स्वतः बांधायचे आणि स्वतःच करायचे. त्यासाठी महागडे नेपथ्य नको होते. मुलांची ओढ आणि जगलेला अनुभव पुरेसा होता.

आपल्या वसतिगृहातील मुलेमुली निरनिराळ्या गावांहून, वस्त्यांवरून आणि कामगार वसाहतींतून येतात. त्यांनी राक्षस लिहायला घेतला, तर तो जंगलात राहणार नाही. कदाचित कंपनीच्या गेटवर उभा राहील, किंवा कंत्राट संपल्याचा कागद हातात घेऊन घरी येईल. त्याला निम्मा कसा करायचा, हे मात्र त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे लागेल.