बीडमध्ये निवडून येणारा उमेदवार कोण?

निवडणूक जवळ आली की चौकाचौकात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘उमेदवार निवडून येणारा आहे का?’ या प्रश्नाचा खरा अर्थ असतो, ‘त्याच्या जातीची मते किती?’ राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२५ ने प्रत्येक मतदारसंघाला एकच मतदारयादी दिली आणि धर्म वा जातीवरून कोणालाही तीतून वगळण्यास मनाई केली. पण प्रस्थापित पक्ष तिकीट देताना जातीचाच हिशेब मांडतात.

बीडचा इतिहास हा हिशेब खोटा ठरवतो. १९६७ साली साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे याच बीडमधून लोकसभेवर गेले. येथे ना त्यांचे गाव होते, ना भावकी. आणीबाणीनंतर १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले.

अलीकडचेच पाहा. २०१९ साली बजरंग सोनवणे प्रीतम मुंडे यांच्याकडून १ लाख ६८ हजारांहून अधिक मतांनी हरले. २०२४ साली तेच सोनवणे पंकजा मुंडे यांच्याविरुद्ध ६,५५३ मतांनी जिंकले. माणूस तोच, जातही तीच. मग बदलले काय? मतदारापुढचा प्रश्न बदलला! मराठा आरक्षणाच्या वादाने दोन्ही बाजूंचे गठ्ठे घट्ट झाले, हे कोण नाकारील? परंतु दोघांना मिळून साडेतेरा लाखांहून अधिक मते पडली असताना फरक साडेसहा हजारांचा राहतो, तेव्हा कोणत्याही गठ्ठ्यात न बसणारा मतदार निर्णायक ठरतो. ‘चारशे पार’च्या घोषणेने संविधानाची चिंता वाटलेला मतदारही त्यात होता.

हा मतदार कोणाच्या दावणीला बांधलेला नसतो. उमेदवार अडचणीत धावून येतो का, दिलेला शब्द पाळतो का आणि आपल्या प्रश्नावर बोलतो का, एवढेच तो पाहतो.

म्हणून आमचे म्हणणे असे : आपण आपले मत आधीच कोणाच्या खात्यावर जमा करू नये. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला, तो बीडमुळेच. ऊसतोड कामगारांना लेखी करार, कारखान्याच्या तळावर मुलांची शाळा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटल्यांचा वेळेत निकाल या मागण्यांवर उमेदवाराकडून जाहीर सभेत उत्तर घ्यावे. जो उत्तर टाळतो, तो कोणत्याही जातीचा असो, आमच्यासाठी निवडून येण्याच्या लायकीचा नाही.

बाबासाहेबांनी मताचा अधिकार मिळवून दिला, तो कोणाचा गठ्ठा होण्यासाठी नव्हे!