कोसबाडची कुरणशाळा, बोईसरचा नाला

1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जावे लागे म्हणून वारली मुले शाळेत येत नव्हती. तेव्हा या दोघींनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. मॉन्टेसरीच्या महागड्या साहित्याची जागा खडे, शिंपले, पाने आणि बियांनी घेतली. परिसर हाच धडा झाला.

पर्यावरण शिक्षणाची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने केली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1991 मध्ये. आता तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, हरित सेना आहे, 2020 पासून माझी वसुंधरा अभियानही आहे. तरी पुष्कळदा सगळे 5 जूनच्या प्रभातफेरीत आणि रोपासोबतच्या फोटोत आटोपते.

बोईसरच्या मुलांना हे पुरणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात त्यांच्या शेजारच्या तारापूर औद्योगिक क्षेत्राला 100 पैकी 93.69 गुण मिळाले. या परीक्षेत जितके गुण जास्त तितके प्रदूषण जास्त, आणि तारापूरचा आकडा देशात सर्वाधिक होता. वर्गातल्या कित्येकांचे आईवडील तिथल्याच कंपन्यांत कामाला जातात. म्हणून शिक्षकाचे काम नाजूक आहे. घरची चूल ज्यावर पेटते त्याला शिव्या देऊन धडा होत नाही, आणि सांडपाण्याच्या नाल्याकडे पाठ फिरवूनही होत नाही. नाल्याच्या पाण्यात हात न घालता लिटमस कागद बुडवता येतो. रंगीत, वास मारणारे पाणी मुलांना दिसते. बॉयलरमध्ये कोळसा जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. पहिले प्रदूषण गावाला छळते, दुसरे साऱ्या पृथ्वीला तापवते. हा फरक बोईसरइतका स्पष्ट कुठे शिकवता येईल?

किनाऱ्यावरच्या सातपाटीच्या शाळेने जुन्याजाणत्या कोळ्यांना पापलेटबद्दल विचारावे. 2023 मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. लहान पापलेट जाळ्यात घेतले तर काय होते आणि समुद्र तापला तर मासे कुठे सरकतात, हे दोन वेगळे प्रश्न मुलांनी वेगळे मांडावेत. डहाणू-जव्हारकडच्या मुलांना मोह कधी फुलतो, शेवळं ही रानभाजी कधी उगवते हे आधीच ठाऊक असते. ते फक्त तारखेनिशी लिहायचे आहे.

एका वर्षाच्या नोंदीवरून हवामानबदल कळत नाही, त्याला दशके लागतात. म्हणून मुख्याध्यापकांनो, येत्या जूनमध्ये पाऊस, मोह, शेवळं आणि नाला यांची एक नोंदवही सुरू करा, आणि दरवर्षी ती पुढच्या वर्गाच्या हाती द्या.