मोठ्या डोळ्यांचा पाहुणा

पश्चिम आफ्रिकेत एक म्हण प्रचलित आहे. परक्या माणसाचे डोळे मोठे असतात, पण त्यांना दिसत मात्र काहीच नाही, असा तिचा आशय आहे. पाहुण्याविषयी असे बोलणे प्रथम आपल्याला कठोर वाटते. परंतु या म्हणीत राग नाही, अनुभव आहे. नव्या ठिकाणी गेलेला मनुष्य सर्वत्र टकमक पाहत असतो. तथापि जे पाहतो त्याचा अर्थ त्याला उमगत नाही. तो उमगू लागावा यासाठी त्याला काय करावे लागते, हे आज आपण पाहू.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. ६ मार्च १९५७ रोजी तो इंग्रजांच्या सत्तेतून स्वतंत्र झाला. देश नवा, मुले पुष्कळ आणि शिक्षक थोडे, अशी त्या वेळी तेथील स्थिती होती. १९६१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी 'पीस कोअर' नावाची स्वयंसेवकांची संघटना स्थापन केली आणि तिची पहिली तुकडी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये घानाच्या राजधानीत, अक्रा येथे उतरली. त्या तुकडीत सुमारे पन्नास तरुण शिक्षक होते. विमानतळावर त्यांनी तेथील ट्वी भाषेत एक गीत गाऊन यजमानांना वंदन केले. तेव्हापासून या संघटनेमार्फत निरनिराळ्या देशांत दोन लाखांहून अधिक स्वयंसेवक गेले आहेत. प्रत्यक्ष कामावर रुजू होण्यापूर्वी काही आठवडे स्थानिक कुटुंबात राहून भाषा व रीतिरिवाज शिकण्याची पद्धतही पुढे रूढ झाली.

असा एखादा तरुण आपण डोळ्यांसमोर आणू. तो गणिताचा पदवीधर आहे. दोन वर्षे खेड्यातील शाळेत शिकवावे, या हेतूने तो आला आहे. घानात मोठी शहरे आहेत, उंच इमारती आहेत, विद्यापीठे आहेत. परंतु आपल्या तरुणाच्या वाट्याला अकान लोकांचे एक खेडे आले आहे. मधोमध मोकळे अंगण आणि त्याच्या सभोवती खोल्या, असे ते घर आहे. त्यात आजी, आईवडील, मुले आणि भाचरे अशी बरीच माणसे नांदतात.

तो दारात येताच 'आक्वाबा' या शब्दाने त्याचे स्वागत होते. मग त्याला बसावयास आसन देतात आणि प्यावयास पाणी देतात. पाणी पिऊन झाल्यावाचून 'कसे येणे केलेत?' असे कोणी विचारीत नाही. उन्हातून आलेल्याच्या हाती आधी गूळपाणी देणाऱ्या आपल्या लोकांना यातले सौजन्य निराळे समजावून सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणातील खराट्याच्या आवाजाने त्याला जाग येते. घरातील मुले सूर्योदयापूर्वीच उठलेली असतात. कोणी अंगण झाडते, कोणी कूपनलिकेवरून पाणी आणते. आपणही मदत करावी म्हणून हा पदवीधर डोक्यावर पाण्याचे भांडे घेतो. दहा वर्षांची मुलगी भरलेले भांडे हात न लावता घरी आणते. याचे मात्र अर्धे पाणी वाटेतच अंगावर सांडते. सारे आळीतील लोक हसतात. तोही हसतो, पण मनातून खजील होतो. उरलेल्या पाण्यात बादलीभर पाण्याने स्नान कसे उरकावे, हेही त्याला शिकावे लागते. जे पाणी डोक्यावरून आणले, ते ओतताना हात आपोआप जपून चालतो.

मग बाजारात त्याच्या हातून एक चूक घडते. उजव्या हातात पिशवी असल्यामुळे तो विक्रेतीला डाव्या हाताने पैसे देतो. तिचा चेहरा एकदम उतरतो. घरी आल्यावर घरची आई त्याला एकांतात समजावते, की डाव्या हाताने कोणाला काही देणे, घेणे किंवा कोणाकडे बोट दाखवणे हा अपमान समजला जातो. डाव्या हाताने प्रसाद घेतल्यावर आपली आजी जशी दटावते, तसेच हे होय. ती त्याला चारचौघांत बोलत नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सायंकाळी अंगणात धपधप आवाज घुमू लागतो. फुफू तयार होत असतो. उकडलेला कसावा आणि भाजीची केळी लाकडी उखळात घालून एकजण उंच मुसळाने कांडतो आणि दुसरी व्यक्ती दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा उलटवते. ताल चुकला तर बोटे ठेचावयाची! हा कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच. फुफूचा मऊ गोळा भुईमुगाच्या किंवा पामफळांच्या रश्श्यात बुडवून उजव्या हाताने खातात. आणि गंमत अशी, की तो चावत नाहीत, गिळतात. जेवताना कोणी आले तर त्याला 'या, जेवावयास बसा' असे म्हटल्यावाचून राहत नाहीत.

लवकरच त्याला नवे नावही मिळते. अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मते, त्या वाराचे नाव त्याला मिळते. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, मुलगी अफुआ. शनिवारी जन्मलेला मुलगा क्वामे, मुलगी आमा. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारी जन्मले होते आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारी. आपल्याकडील आदिवासी बांधवांतही सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावे आढळतात. आपला तरुण शुक्रवारचा असल्यामुळे सारे घर त्याला कोफी म्हणू लागते. आजीला तो इतरांप्रमाणे 'नाना' म्हणतो. आपल्या कानांना हा शब्द ओळखीचा वाटेल. पण तेथे आजी, आजोबा आणि इतर आदरणीय वडीलधारे या सर्वांना 'नाना' म्हणतात.

हे सर्व वाचताना सोपे वाटते. राहताना तसे नसते. काही दिवसांनी कोफीला घरची आठवण येऊ लागते. दार लावून एकट्याने वाचत बसावे, असे त्याला वाटते. पण दार लावले की कोणीतरी येऊन विचारते, "बरे नाही का? राग आला का?" बाहेर पडावे तर प्रत्येकजण विचारतो, "कोठे निघालास? जेवलास का?" या चौकशांना तो अगदी कंटाळून जातो. एके दिवशी तो तापाने फणफणतो. त्या रात्री नाना त्याच्या उशाशी बसून राहते, घरचे वडील त्याला दवाखान्यात नेतात आणि शेजारपाजारचे लोक दारात येऊन विचारपूस करतात. तेव्हा त्याच्या लक्षात येते, की ज्याला आपण चौकसपणा समजत होतो, ती माया होती.

पुढे त्याची शाळा सुरू होते. एक मुलगी रोज घंटा झाल्यावर धापा टाकीत वर्गात येते. कोफी जर विमानातून उतरून थेट वर्गात आला असता, तर तिला आळशी समजून त्याने शिक्षा केली असती. पण आता त्याची दृष्टी तिच्या केसांकडे जाते. ते ओले असतात. या मुलीने पहाटेपासून किती खेपा घातल्या असतील, याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या मानेला ठाऊक असतो. तो तिला बसावयास सांगतो आणि चुकलेले गणित तिच्यासाठी पुन्हा फळ्यावर मांडतो.

मुलांनो, कोफी शिकवण्यासाठी गेला होता. परंतु शिकवण्यापूर्वी त्याला त्या घरातील सर्वांत लहान मूल व्हावे लागले. पाणी आणणे, जेवणे, देणेघेणे, बोलणे या गोष्टी त्याला नव्याने शिकाव्या लागल्या. आणि ज्यांना साहाय्य करावयाचे, त्यांचेच साहाय्य आधी स्वीकारावे लागले. त्यात कमीपणा नव्हता. तो तसे न करता, तर त्याचे गणित खरे ठरले असते, पण त्या मुलीविषयीचा त्याचा निवाडा खोटा ठरला असता.

तुमच्याही वर्गात परगावाहून एखादा नवा विद्यार्थी येईल, किंवा एखादे दिवशी तुम्हीच कोठेतरी नवे असाल. त्या वेळी ही म्हण अवश्य आठवा. डोळे मोठे असण्याने काही बिघडत नाही. फक्त निवाडा करण्याची घाई करू नये आणि पाण्याचे भांडे एकदा स्वतःच्या डोक्यावर घेऊन पाहावे.