बाणाचं पातं : जोर महत्त्वाचा की धार?

पेनसिल्व्हेनियातल्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, "आमच्या ऑफिसातला एक जण धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. बाणाचं पातं कोणतं घ्यावं यावर तो तासभर बोलतो. त्याने एवढा काय फरक पडतो?"

मी राहतो हायडेलबर्गला. इथल्या ओडनवाल्डच्या जंगलात रानडुकरं आहेत, लहान चणीची रो हरणं आहेत आणि परवानाधारकांकडून त्यांची रीतसर शिकारही होते. पण बंदुकीने. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याच्या 19व्या कलमानुसार अशा खुरांच्या प्राण्यांवर बाण सोडायला बंदी आहे. गंमत म्हणजे मित्राच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला हेच कलम उपयोगी पडतं.

बंदुकीच्या गोळीकडे 100 मीटरवर किमान किती ऊर्जा उरली पाहिजे, हे त्यात लिहिलंय : रो हरणासाठी 1000 जूल, रानडुक्कर किंवा लाल हरणासाठी 2000 जूल. आता बाणाचं गणित करू. आधुनिक कंपाउंड धनुष्यातून 27 ग्रॅमचा बाण सेकंदाला 80 मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा भरते साधारण 86 जूल. ताशी 120 किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा जवळपास तेवढीच असते! चेंडू लागला तर हरीण दचकून पळेल. बाण मात्र त्याच्या छातीतून आरपार जाऊ शकतो.

कारण बाणाचं काम धक्का देणं नाही, कापणं आहे. पिकलेला टोमॅटो बोथट विळीवर दाबला की चेंगरतो, धारदार विळीवर अलगद दोन फोडी होतात. धार जितकी बारीक, तितकं बल कमी क्षेत्रफळावर एकवटतं आणि दाब वाढतो. वेगवान गोळी आजूबाजूच्या ऊती ताणते, फाडते. बाण फक्त आपल्या वाटेतलं कापतो. प्राणी मरतो तो रक्तस्रावाने आणि फुप्फुसं निकामी झाल्याने. आल्प्समध्ये 1991 साली सापडलेला, पाच हजार वर्षांपूर्वीचा 'ओत्झी' याचा पुरावाच आहे. 2001 साली क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचं लहानसं बाणाग्र दिसलं. त्याने हाताकडे जाणारी मोठी धमनी कापली होती.

हे एकदा ध्यानात आलं की पात्याची निवड सोपी होते. पहिली अट धार. बोथट पात्यापुढे लवचीक रक्तवाहिनी बाजूला सरकते, धारदार पात्याने ती कापली जाते. म्हणून सरावाला वापरलेलं पातं पुन्हा धार न लावता शिकारीला नेऊ नये.

दुसरी गोष्ट आकार. पातं म्हणजे एक पाचर. घाटातला रस्ता लांब आणि कमी चढाचा असला की गाडीला कमी जोर लागतो. तसंच लांब, निमुळतं पातं कमी बलात खोल शिरतं. रुंद पातं मोठी जखम करतं, पण त्याला विरोधही जास्त होतो. त्यामुळे धनुष्य हलकं असेल किंवा एल्कसारखा मोठ्या हाडांचा प्राणी असेल, तर दोन धारांचं, घट्ट बसवलेलं, मजबूत पातं बरं. सोबत बाणही जरा जड असावा. एकाच धनुष्यातून जड बाण हळू सुटतो, पण त्याचा संवेग जास्त असतो आणि तो खोल जातो.

तिसरा प्रकार उघडणाऱ्या पात्यांचा. उडताना ती मिटलेली असतात, त्यामुळे बाण सरळ जातो. स्थिर पाती मात्र पुढच्या टोकाला पंखांसारखी वागतात. बाण धनुष्याशी नीट जुळवलेला नसेल तर तो भरकटतो. पण मिटलेली पाती उघडायला आधीच तुटपुंज्या असलेल्या ऊर्जेतला काही भाग खर्च होतो आणि तिरक्या माऱ्यात ती नीट न उघडण्याचा धोका असतो. जोरदार धनुष्य आणि मध्यम आकाराचं हरीण असेल, तरच ती परवडतात.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पात्याच्या किमान रुंदीचा नियम आहे, तेव्हा आपल्या राज्याचे नियम आधी वाचावेत. फ्रान्स आणि डेन्मार्कमध्येही बाणाने शिकार चालते, पण फ्रान्समध्ये आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि डेन्मार्कमध्ये वेगळी परीक्षा द्यावी लागते.

त्याचं कारणही भौतिकशास्त्रातच आहे. 30 मीटरवरच्या हरणापर्यंत बाण पोचायला सुमारे 0.4 सेकंद लागतात. प्रत्यंचेचा आवाज 0.1 सेकंदाच्या आत पोचतो. म्हणजे बाण येण्याआधीच हरणाने तो ऐकलेला असतो आणि उरलेल्या वेळात ते पळण्यासाठी अंग खाली झुकवतं. छातीवर धरलेला नेम चुकतो. बाण पाठीत घुसतो आणि जखमी जनावर कित्येक तास तडफडत जंगलात फिरतं. तिथे कितीही महागडं पातं असलं तरी उपयोग नाही.

मित्राला मी एवढंच सांगितलं : तुझ्या सहकाऱ्याने पात्यावर तासभर बोलावं, हरकत नाही. पण हरीण किती लांब असेल तर बाण सोडायचाच नाही, हेही त्याला एकदा विचार.